बातमीचे पाय



बातमीची गोष्ट सांगायला मी आज तुमच्यापुढे उभा आहे. सुरुवात माझ्याच घरापासून करतो.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. एके दिवशी दुपारी आमच्या दारात तारवाला आला. अंगात खाकी कपडे, खांद्याला पिशवी, हातात सायकल. माझी आत्या ओसरीवर धान्य पाखडीत बसली होती. तिने तारवाल्याला पाहिले मात्र, हातातले सूप टाकले आणि टाहो फोडला. शेजारच्या बाया धावत आल्या. त्याही रडू लागल्या. वडिलांना शेतातून बोलावून आणले. त्यांनी वहीवर अंगठा उठवून तार घेतली. पण ती वाचणार कोण? तार इंग्रजीत होती. गावात इंग्रजी येणारे एकटे मास्तर, आणि ते नेमके शेजारच्या गावी गेले होते.

तास-दीड तास घरात रडारड चालली. माझी चुलती तेव्हा तिच्या माहेरी, मुंबईला होती. तिचेच बरेवाईट झाले, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. ती कशाने गेली असेल, हेसुद्धा दोघी-तिघींनी सांगून टाकले. दिवेलागणीच्या सुमारास मास्तर आले. त्यांनी तार उघडून वाचली नि हसू लागले. चुलतीला मुलगा झाला होता. बाळ-बाळंतीण खुशाल होती.

आत्याला मात्र रडे आवरेना. एकदा सुरू झाले ते झालेच! पुढे तो मुलगा मोठा झाला, तेव्हा आम्ही त्याला चिडवायचो, की तुझ्या जन्माला सगळा वाडा रडला होता.

आता पाहा. कागद उघडलाही नव्हता, आणि बातमी गावभर झाली होती. ती तारेने दिली नव्हती. ती तारवाल्याच्या खाकी कपड्यांनी दिली होती. असे का व्हावे? तारेला शब्दागणिक पैसे पडत. गरिबाच्या घरी एवढा खर्च करण्याचा प्रसंग बहुधा एकच, मरणाचा. म्हणून तार म्हणजे मरण, असे लोकांच्या मनात बसले होते. ही तार आपल्या देशात १८५५ साली लोकांसाठी खुली झाली. जुलै २०१३ मध्ये ती कायमची बंद झाली. तुमच्यातल्या तरुण मुलींनी तारवाला पाहिलाही नसेल. पण बातमी कोणाच्या पायाने येते, यावर आपण ती कशी ऐकतो हे ठरते. ही गोष्ट तारेबरोबर गेलेली नाही.

तारेच्या आधी बातमी माणसाच्या पायानेच येई. गावात दवंडी पिटली जाई. बाजाराच्या दिवशी दहा गावची माणसे भेटत, तेव्हा सोयरिकी, भांडणे, पाऊसपाणी सगळे कळे. वासुदेव येई, गोंधळी येत. डवरी गोसावी येई. त्याच्याजवळ डौर नावाचे लहान वाद्य असे. ते वाजवून तो गाणे म्हणे नि भिक्षा मागे. आमची आई त्याला पसाभर धान्य घाली आणि विचारी, "वरच्या अंगाला पाऊस कसा हाय, बाबा?" तो सांगे. तो चार तालुके पायांनी फिरलेला. त्याच्या सांगण्यावर आई विश्वास ठेवी, कारण तो दरसाल येई. खोटे सांगितले तर पुढल्या साली त्याला विचारता येई.

आणि मरणाचा सांगावा? तो महाराने न्यायचा, असा गावाचा रिवाज होता. रात्र असो, पाऊस असो, नदीला पूर असो. परगावच्या सोयऱ्याला "अमुक गेला" हे सांगायला त्यानेच धावायचे. ही त्याची वेठच होती. गावाच्या बातम्या त्याने आपल्या पायांनी वाहिल्या. त्याच्या घरची बातमी मात्र कोणी कोणाला सांगत नव्हते. हे लक्षात असू द्या, मी पुन्हा याच्याकडे येणार आहे.

राजाच्या घरीसुद्धा बातमी पायांनीच येई. पानिपतची लढाई तुम्ही ऐकली असेल. १४ जानेवारी १७६१ रोजी ती झाली. मराठ्यांची फार मोठी फौज तिथे कापली गेली. पेशवे नानासाहेब तेव्हा फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना वाटेत बातमी कळली ती कशी? एका सावकाराच्या जासुदाजवळ चिठ्ठी सापडली. चिठ्ठीत लढाईचे नाव नव्हते. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये नि खुर्दा किती गेला त्याचा हिशेब नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. वरवर पाहिले तर सावकाराचा हिशेब. पण दोन मोती म्हणजे पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार. खुर्दा म्हणजे शिपाई. वाटेत चिठ्ठी कोणाच्याही हाती पडली असती, म्हणून ती अशी आडून लिहिली होती.

नानासाहेब त्याच वर्षी वारले. बातमी मात्र संपली नाही. भाऊंचे पुढे काय झाले, याबद्दल लोकांची खात्री होईना. भाऊ जिवंत आहेत, कुठेतरी लपले आहेत, असे जो तो सांगू लागला. लोकांना ते खरे व्हायला हवे होते. मग काय, एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, मीच भाऊ! त्याला पकडून कैदेत ठेवले. तो सुटला. कोकणात त्याच्यामागे हजारो माणसे जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. पानिपतानंतर पंधरा वर्षे लोटली होती तरी! शेवटी १७७६ साली त्याला पुन्हा पकडून देहान्ताची शिक्षा दिली. 'भाऊसाहेबांचा तोतया' म्हणतात तो हाच. खरी बातमी अर्धीच आली, की उरलेली अर्धी लोक आपल्या मनाने भरतात. आमच्या आत्याने तेच केले होते. फरक एवढाच, की तिला सावरायला संध्याकाळी मास्तर आले.

मग छापखाना आला. मराठी माणसाने काढलेले पहिले वर्तमानपत्र 'दर्पण'. ते मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. काढणारे बाळशास्त्री जांभेकर, कोकणातल्या पोंभुर्ले गावचे. वय म्हणाल तर जेमतेम विशीचे. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, असे ते पत्र होते. घेणारे थोडेच होते. अहो, वाचता येणारेच किती होते! आठ-साडेआठ वर्षांनी ते बंद पडले. पण वाट पडली. पुढे कितीतरी वर्तमानपत्रे निघाली. १८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले. त्यात शेतकरी आणि कष्टकरी माणसाची दुःखे छापून येऊ लागली. १८८१ साली 'केसरी' निघाला.

गावात वर्तमानपत्र येई ते एकच. तेही दोन दिवस शिळे. चावडीवर किंवा पारावर एकजण मोठ्याने वाची आणि पंचवीस जण ऐकत. मध्येच कोणी म्हणे, "थांबा, ते पुन्हा वाचा." कोणी म्हणे, "हे काही खरं दिसत नाही." कोणी विचारी, "हे गाव कुठं आलं?" वाचणारा एक, पण तपासणारे पंचवीस. ही मोठी गंमत होती. आज प्रत्येकाच्या हातात बातमी आहे, आणि प्रत्येकजण ती एकट्याने वाचतो. माझ्या मते यात काहीतरी हरवले आहे.

छापखान्याने आणि तारेने आणखी एक गोष्ट केली. बातमी सांगायची रीतच त्यांनी उलटी केली. आपला माणूस गोष्ट कशी सांगतो? पहिल्यापासून. "पहाटे उठलो. बैल जुंपले. म्हातारी म्हणाली, आज जाऊ नका. तरी निघालो. नदीपाशी आलो तर पाणी चढलेलं..." असे करीत करीत शेवटी कळते, की गाडी वाहून गेली. कीर्तनात बुवाही तसेच सांगतात. वर्तमानपत्र आधी शेवट सांगते. वर ठळक अक्षरांत लिहिते, 'नदीच्या पुरात गाडी वाहून गेली, दोन बैल दगावले'. म्हातारीचे बोलणे आले तर अगदी शेवटी येते. जागा कमी पडली तर संपादक खालून ओळी कापतो आणि म्हातारी जाते! तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून तारेने येणारी बातमीही थोडक्यात, कामापुरते बोलायला शिकली. यात गोष्टीची गोडी गेली खरी. पण एक फायदा झाला. बातमीला डोके आले. तुम्ही वर्तमानपत्र हातात घ्याल तेव्हा बघा. वर छापलेली तारीख असते. पुष्कळदा बातमीच्या सुरुवातीला गावाचे नाव असते. पत्र कोणी छापले, कुठे छापले, तेही बारीक अक्षरांत कुठेतरी असते. खोटे छापले तर त्या पत्त्यावर जाऊन जाब विचारता येतो. छापलेले सगळे खरे असते असे समजू नका हं. पण खोटे बोलणाऱ्याचे घर तरी ठाऊक असते.

आता त्या सांगावा नेणाऱ्याकडे येतो. वर्तमानपत्रे निघाली, पण त्यांत बातम्या कोणाच्या? ज्यांना लिहिता येत होते त्यांच्या. पाण्याच्या पाणवठ्यावर कोणाला अडवले, शाळेत कोणाच्या पोराला बाहेर बसवले, ही कोणाला बातमीच वाटत नव्हती. रोजचेच ते! रोजच्या अन्यायाची बातमी होत नाही, कारण छापणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. मूकनायक म्हणजे मुक्यांचा पुढारी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. ज्यांनी शेकडो वर्षे दुसऱ्यांच्या बातम्या पायांनी वाहिल्या, त्यांची स्वतःची बातमी तिथे छापली जाऊ लागली. ते पत्र फार वर्षे चालले नाही. पण पुढे बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले, मग 'जनता' निघाले. गावकामगारांची ती वतने आणि वेठ १९५८ च्या कायद्याने गेली.

रेडिओ आला तेव्हा पाय दिसेनासेच झाले. मुंबईला रेडिओ १९२७ साली सुरू झाला, पुणे केंद्र १९५३ साली. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर लोक घड्याळे लावीत. आवाज ओळखीचा, माणूस मात्र कधी न पाहिलेला. तरी रेडिओला आपल्याकडे एक चांगला वापर सापडला, तो सांगतो. १९५६ साली पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावी शेतकऱ्यांची श्रोतामंडळे केली होती. वीस-एक माणसे रेडिओभोवती जमायची. अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, आणि मग रेडिओ बंद करून आपसांत बोलायचे. हे आपल्या रानात चालेल का? खर्च कोण करणार? जे प्रश्न उरत, ते केंद्राला कळवायचे. केंद्र पुढे उत्तर देई. मुंबईच्या अभ्यासकांनी नंतर ताळा पाहिला. श्रोतामंडळांच्या गावी लोकांना पुष्कळच जास्त कळले होते. जिथे नुसता रेडिओ होता, पण मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे शिकवले ते पेटीने नव्हे, पेटी बंद केल्यावरच्या बोलण्याने.

मुंबईत १९७२ साली दूरदर्शन सुरू झाले आणि हळूहळू गावोगाव पोचले. त्याविषयी मी फार बोलत नाही. तुम्ही ते पाहताच. त्याने एक केले. "मी डोळ्यांनी पाहिलं" असे म्हणायची सवय लावली.

आणि आता मोबाइल.

मोबाइल वाईट आहे असे मी म्हणणार नाही. माझी सून दुबईला आहे, नातवाचे तोंड मी त्यातच पाहतो. बाजारभाव कळतो, पावसाचा अंदाज कळतो. पण मोबाइलवरच्या बातमीला पुष्कळदा डोके नसते आणि पायही नसतात. तारीख नाही, गाव नाही, सांगणारा कोण ते नाही. "आज आपल्या तालुक्यात" असे लिहिलेले असते. वर्तमानपत्रातला 'आज' त्या तारखेला बांधलेला असतो. मोबाइलवरचा 'आज' म्हणजे तुम्ही ज्या दिवशी वाचाल तो दिवस. 'आपला तालुका' म्हणजे ज्याच्या हातात फोन असेल त्याचा तालुका.

२०१८ साली मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप देशभर फिरत होते. त्यांच्याबरोबर एक चित्रफीत फिरत होती. दोन माणसे मोटारसायकलवरून येतात, गल्लीत खेळणारे पोर उचलतात आणि पळून जातात. डोळ्यांनी पाहिलेले! पण ती चित्रफीत पाकिस्तानात, कराचीच्या एका संस्थेने केलेली होती. आईबापांनी मुलांवर लक्ष ठेवावे म्हणून. तिच्या शेवटी ती माणसे परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि सूचनेची पाटी दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला भाग पुढे पाठवला. संपादक जागा नाही म्हणून शेपूट कापीत असे. इथे खोटे करायचे म्हणून शेपूट कापली.

त्या वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. तिथे पाच माणसे आली. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. कोणीतरी ओरडले, हीच ती पोरे पळवणारी! बाजारातला जमाव धावला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. पाचही जण मेले. त्यांनी कोणाचेही पोर पळवले नव्हते.

ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंडळी.

आमच्या आईने ज्याला पसाभर धान्य घालून पावसाची बातमी विचारली असती, त्याच जमातीची ही माणसे. पिढ्यान् पिढ्या त्यांनी गावोगावच्या बातम्या सांगितल्या. आणि एका बातमीनेच त्यांचा जीव घेतला. ओळखपत्रे होती म्हणतात. पण त्या गर्दीत ती वाचायला कोण थांबणार? मारणारी माणसे कोणी परकी नव्हती. तुमच्या-आमच्यासारखीच बाजाराला आलेली होती. आपली पोरे जातील या भीतीने ती पेटली होती. म्हणून त्यांचा गुन्हा लहान होतो असे नाही. पण भीती कशी पेटते, ते आपल्याला ठाऊक असावे.

यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपवाल्यांनी आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असा बंध घातला. दुसऱ्याकडून आलेला निरोप पुढे पाठवला, की त्याच्या डोक्यावर बाणाची खूण येते. दोन बाण दिसले, की समजावे तो पुष्कळ हातांतून फिरून आला आहे. ज्याने पाठवला त्याने तो लिहिलेला नाही. तुमच्या भाच्याने पाठवला म्हणजे भाच्याने पाहिले, असे नव्हे. ही खूण बारीक असते. चष्मा लावून बघा.

शेवटी आपल्याच वर्गातली गोष्ट सांगतो. राईनपाड्यानंतर थोड्याच दिवसांची. एक बाई रात्री वर्गाला आल्या त्या घाबरलेल्याच. नाव सांगत नाही, त्या इथे बसल्या आहेत आणि मला डोळे वटारताहेत. त्या नुकत्याच जोडाक्षरे वाचू लागल्या होत्या. त्यांच्या मुलाच्या फोनवर निरोप आला होता. मुलाने तो वाचून दाखवला होता, की पलीकडच्या गावातून काल पोर पळवले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी उद्यापासून नातीला शाळेत धाडीत न्हाई."

मी म्हटले, "तुम्ही स्वतः वाचला का?"

त्यांनी फोन पुढे घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवीत वाचू लागल्या. सगळा वर्ग गप्प. पाच ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोर कुणाचं, ते कुठं लिवलंय?" पुन्हा पहिल्यापासून वाचले. पोराचे नाव नव्हते. आईचे नाव नव्हते. वार नव्हता. त्या म्हणाल्या, "माझी भन त्याच गावात दिलीय. एवढं पोर गेलं, आन् भन मला सांगायची न्हाई?"

वर्गातूनच त्यांनी बहिणीला फोन लावला. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. त्यांनी विचारायच्या आधी बहीणच पलीकडून ओरडून विचारू लागली, "अगं, तुमच्या गावातनं पोर पळवलं म्हणं काल? घावलं का?"